देशव्यापी टाळेबंदीचे ६८ दिवस : चार टप्पे आणि सर्वसामान्यांचे जीवन

कोविड-१९ च्या साथीला आळा घालण्यासाठी भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू करण्यात आली. प्रारंभी तिची मुदत २१ दिवसांची होती. त्यानंतर तीन वेळा मुदतवाढ देण्यात आली. चौथा टप्पा ३१ मे २०२० रोजी संपला, तेव्हा टाळेबंदीला एकूण ६८ दिवस पूर्ण झाले होते. ‘घरातच राहा’ हा संदेश सर्वांसाठी एकच होता. मात्र ज्यांचे घर एका राज्यात आणि रोजगार दुसऱ्या राज्यात होता, त्यांच्यासाठी प्रत्येक मुदतवाढीचा अर्थ वेगळा ठरला.

चार मुदती

टाळेबंदीपूर्वी २२ मार्च २०२० रोजी सकाळी ७ ते रात्री ९ या वेळेत ‘जनता कर्फ्यू’ पाळण्यात आला. त्या दिवशी सायंकाळी ५ वाजता नागरिकांनी दारात, खिडकीत आणि सज्जात उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजवल्या आणि आरोग्य कर्मचाऱ्यांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. त्याच रात्रीपासून रेल्वेची प्रवासी वाहतूक आणि मुंबईची उपनगरी लोकल सेवा थांबवण्यात आली. २४ मार्च रोजी रात्री ८ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले आणि मध्यरात्रीपासून संपूर्ण देशात टाळेबंदी लागू होत असल्याची घोषणा केली. घोषणा आणि अंमलबजावणी यांत चार तासांचे अंतर होते. त्या वेळी देशात सुमारे ५०० रुग्णांची नोंद झाली होती. यासाठी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चा आधार घेण्यात आला.

पहिली मुदत १४ एप्रिलपर्यंत होती. दुसरा टप्पा १५ एप्रिल ते ३ मे, तिसरा ४ ते १७ मे आणि चौथा १८ ते ३१ मे असा होता. रुग्णसंख्या मात्र वाढत राहिली. पहिल्या टप्प्याच्या अखेरीस ती १० हजारांवर गेली. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस ती सुमारे ४० हजार, तिसऱ्याच्या अखेरीस ९० हजारांहून अधिक आणि चौथ्याच्या अखेरीस १ लाख ८० हजारांहून अधिक झाली.

या मुदती सणावारांच्या दिवसांशी जुळून आल्या. टाळेबंदीचा पहिला दिवस गुढीपाडव्याचा होता. अनेक घरांत गुढी उभारली गेली, पण कडुनिंबाचा पाला, साखरेच्या गाठी आणि फुले यांची नेहमीची खरेदी होऊ शकली नाही. पहिली मुदतवाढ जाहीर झाली त्या १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती होती आणि अनुयायांनी घरातूनच अभिवादन केले. तिसऱ्या टप्प्याची घोषणा १ मे रोजी झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेला त्या दिवशी ६० वर्षे पूर्ण झाली होती. रमजानचा संपूर्ण महिना टाळेबंदीत गेला आणि २५ मे रोजी ईदची नमाजही बहुतांश ठिकाणी घरीच अदा करण्यात आली.

घरातील दिनक्रम

किराणा, भाजीपाला, दूध, औषधे, स्वयंपाकाचा गॅस, बँका आणि पेट्रोल पंप यांना बंदीतून सूट होती. दुकानांसमोर खडूने किंवा रंगाने वर्तुळे आखण्यात आली आणि ग्राहक त्यांत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहू लागले. घरातील एकानेच बाहेर जावे, परतल्यावर हात धुवावेत, भाजी धुऊन घ्यावी, असा नवा परिपाठ रुळला. १५ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी बांधणे देशभर सक्तीचे झाले. घरोघरी जुन्या सुती कापडाच्या मुखपट्ट्या शिवल्या गेल्या.

ज्यांचे काम संगणकावर होत होते त्यांचे कार्यालय घरी आले. घरकामाला येणाऱ्या महिलांचे येणे बंद झाल्याने केर, भांडी आणि धुणे यांची वाटणी अनेक घरांत नव्याने करावी लागली. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिकांचे पुनःप्रसारण सुरू केले. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते, त्यालाही मोठा प्रतिसाद मिळाला. कर्जदारांना दिलासा म्हणून रिझर्व्ह बँकेने २७ मार्च रोजी हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा दिली आणि २२ मे रोजी ती आणखी तीन महिन्यांनी वाढवली.

घरात राहणे सर्वांना सारखे शक्य नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहण्यासाठी एकच खोली होती. मुंबईतील धारावीत सुमारे अडीच चौरस किलोमीटर क्षेत्रात लाखो लोक राहतात आणि त्यांतील बहुसंख्य सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून असतात. तेथे १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला. एका खोलीतील कुटुंबात रुग्णाला वेगळे ठेवणे अशक्य असल्याने महापालिकेने संशयितांना शाळा, सभागृहे आणि क्रीडा संकुलांत ठेवण्याची व्यवस्था केली. घरोघर तपासणी आणि शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण यांवरही भर देण्यात आला.

शिक्षणातही हाच भेद दिसून आला. शाळा बंद झाल्यावर वर्ग मोबाइलवर आले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पाहणीनुसार इंटरनेट सुविधा शहरी भागातील सुमारे ४२ टक्के आणि ग्रामीण भागातील केवळ १५ टक्के कुटुंबांकडे होती. अनेक घरांत एकच मोबाइल असल्याने तो कोणी आणि केव्हा वापरायचा, हे वडिलांच्या कामाच्या वेळेवर अवलंबून राहिले.

लग्न आणि अंत्यविधी यांचे स्वरूपही बदलले. अंत्ययात्रेसाठी २० व्यक्तींची मर्यादा पहिल्याच आदेशात होती. मे महिन्यात विवाहासाठी ५० जणांची मर्यादा निश्चित झाली. परगावी मृत्यू झालेल्या आप्ताचे अंत्यदर्शन अनेकांना घेता आले नाही.

शेती आणि बाजार

टाळेबंदी लागू झाली तेव्हा रब्बीची पिके काढणीला आली होती. २७ मार्च रोजी शेतीची कामे आणि बाजार समित्या यांना सूट देण्यात आली. पंजाबमध्ये गव्हाची सरकारी खरेदी नेहमीप्रमाणे १ एप्रिलला सुरू न होता १५ एप्रिलला सुरू झाली आणि गर्दी टाळण्यासाठी शेतकऱ्यांना ठरावीक दिवसाचे कूपन देण्यात आले. महाराष्ट्रात द्राक्षे, भाजीपाला आणि फुले यांचे उत्पादक अडचणीत आले. फुलांना मंदिरे आणि लग्नसमारंभ बंद असल्याने ग्राहकच उरला नाही. कोकणातील अनेक बागायतदारांनी हापूस आंब्याच्या पेट्या थेट मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांपर्यंत पोहोचवल्या.

मुदतवाढ आणि रोजंदारी

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २६ मार्च रोजी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यानुसार सुमारे ८० कोटी लाभार्थ्यांना तीन महिने दरमहा प्रत्येकी ५ किलो धान्य मोफत आणि महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये देण्याचे ठरले. महाराष्ट्र शासनाने शिवभोजन थाळीची किंमत १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली. केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांनी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली.

मात्र शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर असल्याने शहरात राबणाऱ्या असंख्य मजुरांना तेथील स्वस्त धान्य दुकानातून धान्य मिळू शकले नाही. २९ मार्चच्या आदेशाद्वारे केंद्रीय गृह मंत्रालयाने मालकांनी वेतन कापू नये आणि घरमालकांनी मजुरांकडे एक महिन्याचे भाडे मागू नये, असे निर्देश दिले. नाक्यावर रोज नवा मुकादम शोधणाऱ्या मजुराला ठरावीक मालकच नव्हता, त्यामुळे वेतनाच्या निर्देशाचा त्याला उपयोग झाला नाही. भाड्याची सवलत महिन्याभराची होती, टाळेबंदी दोन महिन्यांहून अधिक चालली.

येथे मुदतवाढीचा परिणाम स्पष्ट होतो. हातातील शिल्लक रक्कम, उधारी आणि शेजारधर्म यांच्या बळावर अनेकांनी २१ दिवस काढले. १४ एप्रिलनंतर गाड्या सुरू होतील, ही त्यांची अपेक्षा होती. त्या दिवशी मुदतवाढ जाहीर झाल्यानंतर मुंबईत वांद्रे स्थानकाजवळ गावी जाऊ इच्छिणाऱ्या मजुरांचा मोठा जमाव जमला. त्यापूर्वी मार्चअखेरीस दिल्लीतील आनंद विहार बसस्थानकावर असेच दृश्य दिसले होते आणि सुरतमध्येही कामगार रस्त्यावर आले होते. आणखी किती दिवस, या प्रश्नाचे निश्चित उत्तर कोणापाशीही नव्हते.

परतीची वाट

लाखो लोक पायी, सायकलने किंवा मालमोटारींतून निघाले. पश्चिम महाराष्ट्रात अडकलेल्या ऊसतोड कामगारांना एप्रिलच्या मध्यानंतर गावी परतण्याची परवानगी मिळाली. २९ एप्रिल रोजी गृह मंत्रालयाने अडकलेल्या मजूर, विद्यार्थी आणि यात्रेकरूंना बसने राज्याबाहेर जाण्यास मान्यता दिली. राजस्थानातील कोटा येथे शिकणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना एसटीच्या बसगाड्यांनी परत आणण्यात आले. नांदेडच्या गुरुद्वारात थांबलेले शीख यात्रेकरूही पंजाबला परतले.

१ मे रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. ३१ ऑगस्टपर्यंत अशा ४,६२१ गाड्यांतून ६३ लाखांहून अधिक प्रवासी गेले. गाडीत जागा मिळण्यासाठी नोंदणी, वैद्यकीय तपासणी आणि दोन्ही राज्यांची संमती आवश्यक होती. त्यासाठी थांबणे ज्यांना शक्य झाले नाही ते चालतच राहिले. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली सापडून मृत्यू झाला. मध्य प्रदेशातील हे मजूर जालन्यातील पोलाद कारखान्यात कामाला होते आणि घरी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने निघाले होते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ मे रोजी मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली आणि ९ जून रोजी सर्व इच्छुकांना १५ दिवसांत गावी पोहोचवण्याचे आदेश दिले. १ कोटी ४ लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याची माहिती सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत दिली. परतीच्या प्रवासात किती मजुरांचा मृत्यू झाला याची आकडेवारी उपलब्ध नसल्याचेही तेव्हाच सांगण्यात आले.

टप्प्याटप्प्याने शिथिलता

तिसऱ्या टप्प्यात देशातील ७३३ जिल्ह्यांची विभागणी १३० लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरव्या क्षेत्रांत करण्यात आली. आपला जिल्हा कोणत्या रंगात आहे, यावर दुकान उघडणे, रिक्षा चालवणे किंवा केशकर्तनालयात जाणे ठरू लागले. सायंकाळी ७ ते सकाळी ७ या वेळेत अनावश्यक संचारावर बंदी होती. ६५ वर्षांवरील नागरिक, गर्भवती महिला आणि १० वर्षांखालील मुले यांनी घरातच राहावे, असे सांगण्यात आले. २५ मे रोजी देशांतर्गत विमानसेवा आणि १ जून रोजी २०० प्रवासी गाड्या सुरू झाल्या. ८ जूनपासून प्रतिबंधित क्षेत्रांबाहेर प्रार्थनास्थळे आणि उपाहारगृहे उघडण्यास केंद्राने परवानगी दिली, तरी महाराष्ट्रात निर्बंध अधिक काळ राहिले. आषाढी एकादशीसाठी संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले.

२०२१ मधील दुसऱ्या लाटेत केंद्राने देशव्यापी टाळेबंदी लागू केली नाही. राज्यांनी टाळेबंदीकडे अखेरचा उपाय म्हणून पाहावे, असे आवाहन पंतप्रधानांनी २० एप्रिल २०२१ रोजी केले. दिल्ली, महाराष्ट्र आणि अन्य राज्यांनी आपापले निर्बंध जाहीर केले.

त्यानंतरचे बदल

२०२० च्या अनुभवातून जी त्रुटी उघड झाली ती प्रामुख्याने पत्त्याशी निगडित होती. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना टाळेबंदीच्या वेळी काही राज्यांपुरतीच मर्यादित होती. जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशानंतर ती सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. त्यामुळे बिहारची शिधापत्रिका असलेल्या मजुराला पुण्यातील दुकानातही आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. फेरीवाल्यांना १० हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल देणारी स्वनिधी योजना जून २०२० मध्येच जाहीर झाली होती.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखालील कोविडविषयक निर्बंध ३१ मार्च २०२२ रोजी संपुष्टात आले. शिधापत्रिका आता कामगाराबरोबर परराज्यात चालते. शहरातील भाड्याची खोली आणि बुडालेली रोजंदारी यांची जबाबदारी अशा प्रसंगी कोणी घ्यायची, यासाठी मात्र देशभर लागू असलेली कायमस्वरूपी व्यवस्था नाही.