मध्यम मोटार आणि मालकाचे मत

ज्या वस्तूसाठी मनुष्यास वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागते, तिच्याविषयी त्याचे मत निर्लेप राहणे कठीण असते. ती घरी आली म्हणजे तिचे दोष त्यास दिसतात, पण ते बोलून दाखविण्याचा धीर होत नाही. उलट दुसऱ्या कोणी ते दाखविले, तर तो त्या वस्तूचे वकीलपत्र घेऊन उभा राहतो. मुंबईपासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी फियाट अथवा पद्मिनी मोटार बाळगली, त्यांच्या मतांचा इतिहास असाच आहे. चार दारांची, मागे सामानासाठी निराळी डिकी असलेली, फार मोठी नव्हे आणि फार लहानही नव्हे, अशी जी गाडी आज सेडान म्हणून ओळखली जाते, तिचे आपल्याकडील मूळ घराणे कुर्ल्यास वसलेले होते. आणि त्या घराण्याची शेवटची पडझड कल्याणच्या वेशीवर झाली.

या घराण्याचे मूळपुरुष शेठ वालचंद हिराचंद. सोलापुरास १८८२ साली जन्मलेल्या या गृहस्थाने आगबोटी, साखर, विमाने आणि जहाजबांधणी अशा अनेक उद्योगांत हात घातला. मोटारीचा कारखाना काढावयाचा मनोदय त्यांनी महायुद्धापूर्वीच धरला होता. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने जुळविलेल्या, ऐसपैस बांध्याच्या व पेट्रोल भरपूर पिणाऱ्या होत्या. नोकरदारास त्या परवडण्याजोग्या नव्हत्या.

पुढे १९५० नंतर लवकरच इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. याच सुमारास सरकारने असे धोरण ठरविले की, जो कारखाना सुटे भाग क्रमाक्रमाने याच देशात बनवील, त्यानेच येथे राहावे. परदेशाहून पेट्या आणून गाड्या नुसत्या जुळविणाऱ्यांस येथे स्थान नाही. शिवडी येथे १९२८ पासून गाड्या जुळविणारी जनरल मोटर्स १९५४ साली येथून निघून गेली. मैदानात थोडे कारखाने उरले. त्यांपैकी कुर्ल्याची फियाट, बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड या तिघींतच कुटुंबवत्सल गिऱ्हाइकाची निवड आटोपत असे.

१९५४ च्या सुमारास कुर्ल्याहून निघालेल्या फियाट अकराशेला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेविले. तिचे गोल फुगीर अंग आणि पुढे आलेले नाकाड पाहिले म्हणजे हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. नाव हेटाळणीचे असले तरी त्यात लडिवाळपणाच अधिक होता. १९६४ साली सरळ रेषांच्या घडणीची फियाट अकराशे डिलाइट आली, आणि हाच सांगाडा पुढे साडेतीन दशके टिकला. १९७३-७४ च्या सुमारास फियाटचे नाव जाऊन प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि लगोलग चितोडच्या राणीच्या नावावरून प्रीमियर पद्मिनी असे तिचे नामकरण झाले. नाव पालटले तरी यंत्र तेच राहिले: चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे, मागील चाके फिरविणारे. इटलीत या जातीच्या गाडीचे उत्पादन १९६९ सालीच थांबले होते. कुर्ल्यात मात्र तिला निवृत्ती ठाऊक नव्हती.

आता ही गाडी विकत घेण्याचा प्रकार पाहू. १९७० च्या सुमारास साऱ्या हिंदुस्थानात वर्षाकाठी पन्नास हजारांच्या आतच मोटारी तयार होत; त्या वेळी एकटी फियाट कंपनी आपल्या देशात दहा लाखांहून अधिक गाड्या बनवीत होती. मागणी मोठी आणि पुरवठा तुटपुंजा, तेव्हा वाटपावर सरकारी नियंत्रण आले. १९५९ सालच्या हुकुमाने मोटारींचे वितरण व विक्री यांस नियम लागले. अनामत भरून नाव नोंदवावयाचे आणि क्रमांक येण्याची वाट पाहत बसावयाचे, हाच खरेदीचा विधी झाला. मुलगा शाळेत असता नोंदविलेली गाडी त्याच्या कॉलेजच्या दिवसांत दारी यावी, हे त्या काळी आश्चर्याचे मानले जात नसे. नवी गाडी नियंत्रित किमतीला मिळावयाची खरी, पण क्रमांक लागण्याची निकड असलेल्यास एक-दोन वर्षे वापरलेली गाडी त्याहून अधिक पैसे मोजून घ्यावी लागे. वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा महाग, हा व्यापाराच्या सर्व नियमांस उलटा असा व्यवहार येथे राजरोस चाले.

किमतीचा तंटा न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली सरकारने हुकूम काढून मोटारींच्या किमती ठरवून दिल्या. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ साली त्याचा निकाल लागला. उत्पादनाचा खर्च किती, त्यावर नफा किती वाजवी, याचा खल त्यात पुष्कळ झाला. वाद होता तो सरकार आणि कारखानदार यांच्यातला. गाडीचा दर्जा खालावल्याची ओरड त्याही आधी सुरू झाली होती, आणि चौकशीसाठी सरकारला समितीही नेमावी लागली होती. परंतु ज्या मालकास गाडी नापसंत आहे, त्याने ती परत करून दुसरी कोणती घ्यावी, या प्रश्नास कोणत्याही समितीपाशी उत्तर नव्हते. मत असून त्याचा उपयोग नाही, अशी मालकाची अवस्था होती.

मग मालकांनी काय केले? त्यांनी गाडीस सांभाळण्याची विद्या शिकून घेतली. सुकाणूच्या दांड्यावरील गीअर कसा अलगद टाकावा, थंडीत चोक किती ओढावा, पावसाळ्यापूर्वी तळाच्या पत्र्यास गंज धरू नये म्हणून काय लावावे, कार्बोरेटरमधील कचरा कसा फुंकावा, हे घरातील कर्त्या पुरुषास येत असे. उन्हाळ्यात कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना यंत्र तापून पेट्रोलची वाफ होई आणि गाडी मधेच ठप्प होई; तेव्हा पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळून ठेवण्याचा उपाय सर्वांस माहीत होता. पाण्याचा डबा व जुने फडके हे गाडीच्या सामानातच मोडत. कोपऱ्यावरच्या गॅरेजातील मिस्त्री हा वैद्याइतकाच घरोब्याचा माणूस असे.

या मालकांची मते एकत्र केली तर त्यांत विलक्षण एकवाक्यता आढळते. ॲम्बॅसडरपेक्षा ही आटोपशीर, गल्लीबोळांतून सहज वळणारी, पेट्रोलला बेताची. पुढचे आसन सलग बाकासारखे असल्याने घरची मंडळी दाटीने मावणारी. कोठेही नादुरुस्त झाली तरी तालुक्याच्या गावीसुद्धा हिचा भाग व हिचा जाणकार भेटणारा. हे तिचे गुण. ब्रेक बेताचे, उन्हाळ्यात तापणारी, पत्र्यास गंज लवकर धरणारी, आणि नवी कोरी असताही कारखान्यातून आल्याबरोबर मिस्त्रीकडे नेऊन चापूनचोपून घ्यावी लागणारी. हे तिचे दोष. गुण सांगताना मालकाचा स्वर चढे, दोष सांगताना तो हसत असे. निवड नसलेल्या मनुष्याचे ते हसणे होते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी पुढे आले.

कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या वाटेवर, शहाड आणि टिटवाळा यांच्या मधोमध आंबिवली हे स्थानक आहे. लगतच्या मोहने येथे १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या भोवती कामगार-कारकुनांची मोठी वस्ती वाढली. कुर्ल्याचा मोटार कारखाना आणि मोहन्याचा कृत्रिम रेशमाचा कारखाना ही एकाच दशकातील, एकाच औद्योगिक उमेदीची भावंडे. परंतु मोहन्याच्या वस्तीत स्वतःची मोटार ही मोजक्यांच्याच दारी असावयाची. बाकीच्यांचे वाहन म्हणजे लोकल. अशा गावी गाडीच्या किमतीचा विचार पुष्कळदा निराळ्या मापाने होई. शेवटची लोकल निघून गेल्यावर आजाऱ्यास कल्याणास न्यावयाचे असले म्हणजे ज्याच्या दारी फियाट आहे त्याचे दार ठोठावले जाई. अशा घरची गाडी थोडीबहुत साऱ्या आळीची असे, आणि तिच्याविषयीचे मतही मालकाबरोबर आळीचे होई.

या सगळ्यास पहिला धक्का १९८३ च्या डिसेंबरात बसला. गुरगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली. ती पद्मिनीहून लहान, पण सकाळी एका किल्लीत सुरू होणारी आणि घाटात न तापणारी. आजवर जे दोष मोटारीच्या जातीचेच म्हणून सोसले, ते एका विशिष्ट गाडीचे होते, हा बोध मालकास त्या दिवशी झाला. कुर्ल्यानेही हालचाल केली: १९८५ साली फियाट १२४ च्या सांगाड्यात जपानी निसानचे यंत्र बसवून प्रीमियर ११८ एन.ई. काढली. यंत्र चांगले, पण सांगाडा १९६६ सालचा. १९९० साली मारुती १००० ही नव्या घडणीची डिकीवाली गाडी आली, आणि १९९३ साली मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले. आता परदेशी कंपन्या एकामागून एक येऊ लागल्या.

याच लाटेत कल्याण-डोंबिवलीच्या भाग्यास मोटार कारखाना आला. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून कल्याण-शीळ रस्त्यावरील कारखान्यात १९९४-९५ च्या सुमारास प्यूजो ३०९ बनविण्यास आरंभ केला. गाडीविषयी मालकांचे मत अनुकूल होते. खड्ड्यांच्या रस्त्यावरही बसणाऱ्यास हिसका न देणारी, डिझेलवर दूर पल्ला काढणारी, हातास हलकी, असे तिचे वर्णन होई. परंतु गाडी चांगली असणे आणि तिच्याबरोबर दिवस काढणे सुखाचे असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कामगारांचे तंटे झाले, विक्रेत्यांशी बेबनाव झाला, भागीदारांचे पटेना. १९९७ साली प्यूजो निघून गेली. ज्यांनी गाडी घेतली होती, ते आता सुट्या भागांसाठी दारोदार फिरू लागले. एक भाग मिळेना म्हणून चांगली गाडी आवारात उभी, असे दृश्य कल्याण-ठाण्यात दिसू लागले.

पद्मिनीच्या मालकाने सदोष गाडी वीस-वीस वर्षे चालविली, आणि प्यूजोच्या मालकाची निर्दोष गाडी दोन-चार वर्षांत अडली. पहिलीच्या पाठीशी गावोगावचा मिस्त्री होता. दुसरीच्या पाठीशी कोणीच उरले नाही. आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी चिडलेला गिऱ्हाईक रांगेतच राही, कारण रांग सोडून जाणार कोठे? आता १९९८ च्या आरंभी होंडा सिटी बाजारात आली होती, इतरही होत्या. गिऱ्हाईक मुकाट्याने उठून दुसऱ्या दुकानी गेला. ज्या मतास चाळीस वर्षे कोणी विचारले नव्हते, त्याने थोड्याच वर्षांत एक जुने घराणे संपविण्यास हातभार लावला. दोष अर्थात एकट्या कारखान्याचा नव्हे. गिऱ्हाइकास बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेने कारखानदारासही सुधारण्याचे कारण ठेवले नव्हते. दार उघडले तेव्हा त्याच्या पायांत चालण्याचे बळच उरले नव्हते.

पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निघाली. कुर्ल्याच्या जागी आज इमारतींची वसाहत आहे. मोहन्याचा रेयॉन कारखाना २००९ साली बंद पडला. कल्याण-शीळ रस्त्यावर उंच गृहसंकुले झाली. डोंबिवलीकरांच्या तोंडी ‘प्रीमियर मैदान’ हे नाव तेवढे राहिले.

आजचा आंबिवलीचा गिऱ्हाईक कल्याणच्या कार्यालयात एम.एच. ०५ या अक्षरांखाली गाडी नोंदवितो. त्यास रांग नाही. उलट विक्रेताच त्याच्यामागे लागतो. सेडानऐवजी उंच बांध्याच्या गाडीकडे अनेकांचा ओढा आहे, कारण रस्त्यावर पाणी साचते आणि खड्डे पडतात. घेण्यापूर्वी तो गाडी चालवून पाहतो, दहा मालकांस विचारतो. त्याचे हे विचारणे योग्यच आहे. मात्र लिटरमागे किती चालते आणि आत काय काय सोयी आहेत, एवढ्यावर त्याने थांबू नये. दहा वर्षांनी हिचा सुटा भाग कोठे मिळेल, हिचा जाणकार मिस्त्री जवळ आहे काय, आणि बनविणारा त्या वेळी या देशात असेल काय, हेही त्याने विचारावे. हे प्रश्न प्यूजोच्या मालकांनी फार उशिरा विचारले, आणि पद्मिनीच्या मालकांस ते कधी विचारावेच लागले नाहीत.