शेवट ठाऊक असूनही कर्णाची गोष्ट पुन्हा पुन्हा का वाचली जाते?

कर्ण युद्धात मारला जातो, हे मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असतं. तरीही शिवाजी सावंत यांची १९६७ सालची 'मृत्युंजय' ही कादंबरी आजही आवडीने वाचली जाते. असं का?

पुराणकथेत 'पुढे काय झालं' यापेक्षा 'असं का झालं' हा प्रश्न मोठा असतो. हस्तिनापुरातल्या शस्त्रस्पर्धेत कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा त्याला आधी कूळ विचारलं जातं. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं आजही थांबलेलं नाही. स्वतःच्या वाट्याला आलेला अपमान बोलून दाखवणं अवघड असतं, कर्णाबद्दल मात्र मोकळेपणाने बोलता येतं.

'मृत्युंजय'मध्ये कर्णासोबत कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्णही आपापली बाजू सांगतात. चूक कोणाची, हे मात्र वाचकालाच ठरवावं लागतं.