घोडा तोच, कागद नवे

भूगोलाच्या तासाला युरोपचा नकाशा भिंतीवर टांगला असेल, तर त्यावर तीन ठिकाणे शोधावीत : इंग्लंडमधील न्यूमार्केट, आयर्लंडमधील किल्डेअर परगणा आणि फ्रान्समधील नॉर्मंडी. मध्ये समुद्र आहे, देश तीन आहेत. पण शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीपुरता हा एकच प्रदेश समजला जाई. थरोब्रेड जातीच्या नोंदवहीत कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगराला जागा नाही. गाईम्हशींसाठी वीर्य नळीत भरून पाठवता येते. इथे घोडीलाच घोड्याकडे न्यावे लागते. शिवाय उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेड शिंगराचे वय १ जानेवारीपासून मोजतात आणि घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. त्यामुळे फेब्रुवारी ते जून हे दिवस धावपळीचे. अनेक घोड्या समुद्रापलीकडे जाऊन वितात, पुन्हा गाभण राहतात आणि पायाशी शिंगरू घेऊन परततात.

ही ये-जा सोपी राहावी म्हणून ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्स यांच्यात कित्येक दशके एक त्रिपक्षीय करार होता. तिन्ही देशांच्या पशुवैद्यक खात्यांनी एकमेकांचा शब्द मानायचा, रोग आढळला तर ताबडतोब कळवायचे, आणि त्या बदल्यात करारात बसणाऱ्या घोड्यांना प्रत्येक खेपेला सरकारी पशुवैद्याच्या दाखल्याशिवाय जाऊ द्यायचे, असे त्याचे सार होते.

इतकी काळजी कशासाठी? घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचे उदाहरण घेऊ. याचा विषाणू एड्सच्या विषाणूच्या कुळातला आहे. घोडमाशी एका घोड्याला चावताना हुसकली गेली, की तोंडाला लागलेल्या रक्तासह ती शेजारच्या घोड्यावर बसते आणि रोग पोचवते. यावर उपचार नाही. वाचलेला घोडा वरवर धडधाकट दिसतो. पण विषाणू त्याच्या रक्तात जन्मभर राहतो. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी घोडा तपासून भागत नाही.

१९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील लेरॉय कॉगिन्स यांनी यावर एक साधी चाचणी सुचवली. अगारच्या जेलीत खळगे पाडायचे. एकात विषाणूचे प्रथिन, शेजारच्यात घोड्याचे रक्तजल घालायचे. रक्तजलात प्रतिपिंडे असतील, तर दोन्ही द्रव पसरत येऊन जिथे भेटतात तिथे पांढरी रेघ उमटते. मात्र लागण झाल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून चाचणीच्या जोडीला घोडा आधी कुठे व किती दिवस राहिला, हेही विचारावे लागते.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबरच्या रात्री संपला. त्याबरोबर ब्रिटनपुरता हा करारही संपला. १ जानेवारी २०२१ पासून संघाच्या लेखी ब्रिटन हा परका देश झाला. आता तिकडे जाणाऱ्या घोड्याला सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला हवा, रक्तक्षयाची चाचणी हवी. घोडा परत येणार असेल, तर जकातीसाठी हमीचे वेगळे कागद हवेत. उतरायचेही कॅले, डब्लिन यांसारख्या, तपासणी नाका असलेल्या बंदरातच. ब्रिटनने मात्र संघातून येणाऱ्या घोड्यांची सीमेवरची तपासणी लगेच सुरू केली नाही. उत्तर आयर्लंडला प्राण्यांच्या आरोग्याबाबत संघाचेच नियम लागू राहिले. त्यामुळे बेलफास्टहून परदेशातल्या डब्लिनला घोडा नेणे सोपे राहिले आणि स्कॉटलंडहून स्वदेशातल्या बेलफास्टला नेताना दाखला लागू लागला!

एका रात्रीत रोगाचा धोका वाढला होता का? मुळीच नाही. घोडे तेच, माश्या त्याच, समुद्रही तोच. उलट, धोका कागद सोपे असतानाही होता. २००६ मध्ये आयर्लंडमध्ये या रक्तक्षयाची साथ आली. तिचा माग इटलीहून आणलेल्या दूषित रक्तद्रवापर्यंत गेला. २०१० मध्ये रुमानियातून बेल्जियममार्गे इंग्लंडात आलेल्या दोन घोड्यांत हाच रोग सापडला, तोही आल्यानंतर केलेल्या चाचणीत. हे सगळे देश तेव्हा एकाच बाजारपेठेत होते.

मग बदलले काय? आमच्या मते, पुरावा देण्याची जबाबदारी बदलली. करार असताना देशाची यंत्रणा हमी देई : रोगनिरीक्षण, नोंदी, तातडीची सूचना यांवर विश्वास ठेवून घोडा पुढे जाई. करार संपल्यावर प्रत्येक घोड्याला स्वतःचे निरोगीपण सिद्ध करावे लागते. पहिल्या पद्धतीत यंत्रणा ढिली पडली तर फसगत होते. दुसरीत खर्च व वेळ वाढतो, जनावराला प्रवासात ताटकळावे लागते आणि छोट्या पैदासकाराला ते परवडत नाही. १९ मे २०२५ रोजी ब्रिटन व संघ यांनी आरोग्यनियमांचे समाईक क्षेत्र उभारण्यासाठी बोलणी करण्याचे ठरवले, ते तुटलेला विश्वास पुन्हा सांधण्यासाठीच.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट दिशेने घडते आहे. १९५९ ते १९६१ या काळात मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत पसरलेल्या आफ्रिकी अश्वरोगाने तीन लाखांहून अधिक जनावरे दगावल्याचा अंदाज आहे. या रोगापासून भारत मुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता २०१४ साली मिळाली. पण इतर रोगांचा प्रश्न उरलाच होता. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय स्वारांचे घोडे युरोपातच ठेवलेले होते. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी अश्वकेंद्रातील रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता जाहीर झाली. त्या कुंपणामागे वर्षानुवर्षांच्या तपासण्या, नोंदी आणि शिस्त आहे.

विश्वास सहीने मोडता येतो, पण केवळ सहीने उभा राहत नाही. तो रक्तजलाच्या एकेका नमुन्याने जमवावा लागतो.