पीएचडीचा प्रबंध ‘शोधगंगा’वर कसा जमा होतो? आणि जमा होऊनही तो सापडत का नाही?

पीएचडीचा प्रबंध डिजिटल स्वरूपात साठवून सर्वांना वाचायला खुला करणाऱ्या संग्रहाला डिजिटल भांडार म्हणतात. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे असे सर्वात मोठे भांडार म्हणजे ‘शोधगंगा’. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते आणि ते वाचण्यासाठी पैसे लागत नाहीत.

जालन्याशी याचा संबंध काय?

जालना जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. प्रबंध फक्त कागदावर असायचे, तेव्हा कुंडलिकेच्या काठावरच्या जुन्या जालन्यातील विद्यार्थ्याला एखादा प्रबंध पाहण्यासाठी साधारण ६० किलोमीटरचा प्रवास करून विद्यापीठाचे ग्रंथालय गाठावे लागे. बांधीव प्रत सहसा घरी नेता येत नसे. आता शोधगंगेवरचा प्रबंध मोबाईलवरही उघडतो. मोसंबी, बियाणे उद्योग, स्टीलचे कारखाने किंवा स्थलांतरित ऊसतोड कामगार अशा स्थानिक विषयांवर अभ्यास करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

प्रबंध जमा करणे सक्तीचे आहे का?

होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २००९ च्या नियमावलीपासून प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक झाले. सध्याच्या २०२२ च्या नियमावलीनुसार मूल्यमापन यशस्वीपणे पूर्ण झाल्यावर आणि पदवी जाहीर होण्यापूर्वी विद्यापीठाने ही प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यायची असते.

प्रक्रिया कशी असते?

साधारण टप्पे असे :

१. प्रबंध सादर करण्याआधी सॉफ्टवेअरद्वारे वाङ्मयचौर्य तपासणी होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही. ४० ते ६० टक्के साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही, तर ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते.

२. विद्यार्थी विद्यापीठाकडे छापील प्रतींसोबत पीडीएफ प्रत देतो. शीर्षकपान, प्रमाणपत्र, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची यांच्या वेगळ्या फाइली असतात. फाइलींना पासवर्ड नसावा.

३. शोधगंगेवर फाइली विद्यापीठातर्फे चढवल्या जातात. सोबत शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, भाषा आणि विषयशब्द यांची नोंद केली जाते.

जमा झालेला मराठी प्रबंध सापडत का नाही?

पहिले कारण फॉन्ट. मराठीतील अनेक जुने प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. त्यामुळे ‘मोसंबी’ असा शोध घेतला, तर पानोपानी तो शब्द असलेला प्रबंधही हाती लागत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही.

दुसरे कारण स्कॅनिंग. छापील पानांचे नुसते स्कॅन केले, तर संगणकासाठी ती फक्त चित्रे असतात. त्यातील शब्द शोधता येत नाहीत.

तिसरे कारण मराठीचे व्याकरण. ‘जालना’ या शब्दाचे ‘जालन्यातील’, ‘जालन्याच्या’ असे रूप झाले की साध्या शोधात ‘जालना’ जुळत नाही. म्हणून विषयशब्द मूळ रूपात द्यावेत. शीर्षक आणि विषयशब्द मराठीसोबत रोमन लिपीतही दिले, तर प्रबंध सापडण्याची शक्यता वाढते.

फाइल कशी तपासावी?

पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करावी. मराठी अक्षरे उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे आली तर फॉन्ट जुना आहे. ओळ निवडताच येत नसेल, तर ते बहुधा पानाचे चित्र आहे. ही तपासणी प्रत देण्याआधी करावी, कारण एकदा चढवलेली फाइल विद्यार्थ्याला स्वतः बदलता येत नाही. टाइपिंग बाहेर करून घेतले जात असेल, तर युनिकोडची अट सुरुवातीलाच घालावी.

प्रबंध खुला केला की हक्क जातात का?

नाही. भांडारात ठेवल्याने लेखकाचा स्वामित्वहक्क संपत नाही. शोधगंगेवरील साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. श्रेय देऊन आणि व्यापारी हेतू न ठेवता ते वापरता येते; त्यावर आधारित नवे साहित्यही त्याच अटींवर खुले ठेवावे लागते. प्रबंधाचे पुस्तक किंवा पेटंट करायचे असल्यास प्रत देण्यापूर्वीच मार्गदर्शकांशी आणि विद्यापीठाशी बोलावे.

वाचकाने प्रबंध कसा शोधावा?

एकाच शब्दावर थांबू नये. ‘जालना’ देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे शोधावे. जुन्या नोंदींत ‘औरंगाबाद’ आणि नव्या नोंदींत ‘छत्रपती संभाजीनगर’ असू शकते. तरीही प्रबंध मिळाला नाही, तर विद्यापीठाच्या यादीतून विभाग, मार्गदर्शक आणि वर्षानुसार पाहावे. शोधात न येणारा प्रबंध अनेकदा तिथे सापडतो.