ग्राहक कोणाचा? वॉल स्ट्रीटच्या पेढ्या सोडणाऱ्या सल्लागारांची कथा

आजच्या धाग्यात लढाई आहे, तह आहे आणि तहाचा भंगही आहे. रणभूमी मात्र अमेरिकेतील शेअरदलालांच्या कचेऱ्यांची आहे.

मोठ्या पेढीतील नोकरी सोडून स्वतःचे कार्यालय थाटणारा आर्थिक सल्लागार आज तेथे नवलाचा राहिलेला नाही. हे वैयक्तिक धाडसाचे फळ, असे सहसा सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. धाडसी माणसे १९५० सालीही असणारच; बाहेर पडून उभे राहण्यास त्यांना जागा नव्हती.

का नव्हती, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. १७ मे १७९२ रोजी न्यूयॉर्कच्या २४ दलालांनी एक करार केला. तो वॉल स्ट्रीटवरील बटनवूड वृक्षाखाली झाला, अशी परंपरा आहे. (मुंबईचे दलालही आरंभी टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमत. शेअर बाजार आणि झाडे यांचे नाते हा स्वतंत्र धाग्याचा विषय!) कराराचा आशय इतकाच: पाव टक्क्याहून कमी दलाली घ्यायची नाही आणि व्यवहारात परस्परांना प्राधान्य द्यायचे. पुढे दर बदलले. ठरीव दलालीची प्रथा मात्र टिकली. सल्ला त्या दलालीतच धरलेला असे. त्यामुळे पेढीबाहेरच्या सल्ल्याला वेगळे मोल मिळणे कठीण होते.

१ मे १९७५ रोजी सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने ही प्रथा मोडीत काढली. बटनवूड करारानंतर तब्बल १८३ वर्षांनी! चार्ल्स श्वाब यांच्यासारख्यांनी स्वस्त दलालीची दुकाने उघडली. खरेदीविक्री स्वस्त झाली आणि सल्ल्याची किंमत निराळी मोजता येऊ लागली; ग्राहकाच्या एकूण गुंतवणुकीवर दरसाल अमुक टक्के, अशी.

तरी शेअर सांभाळायचे कोणी? हिशेब, खातेउतारे कोणी काढायचे? १९८७ मध्ये श्वाबच्या कंपनीने स्वतंत्र सल्लागारांसाठी खास सेवा सुरू केली. ठेव कंपनीकडे, सल्लागाराकडे केवळ व्यवहाराचा अधिकार. दोन माणसांच्या कार्यालयाला आता तिजोरीची गरज उरली नाही.

राहिला सर्वांत नाजूक प्रश्न: ग्राहक कोणाचा? पेढी म्हणे, नाव आमचे, म्हणून तो आला. सल्लागार म्हणे, वीस वर्षे त्याच्या मुलांच्या शिक्षणाची तजवीज मी केली. दोघांचेही खोटे नव्हते. म्हणून राजीनामा बहुधा शुक्रवारी सायंकाळी दिला जाई. न्यायालये सोमवारी उघडत; तोवर दोन दिवस दूरध्वनी करून ग्राहक आपल्याकडे वळवायचे. सोमवारी पेढीचे वकील तात्पुरत्या मनाईहुकुमासाठी न्यायालयाच्या दारात हजर! गंमत अशी, की याच पेढ्या दुसऱ्यांची माणसे फोडतानाही तितक्याच तत्पर असत. म्हणजे आज वादी, तर उद्या प्रतिवादी.

या खर्चिक खेळाला कंटाळून २००४ मध्ये मेरिल लिंच, स्मिथ बार्नी आणि यूबीएस या तीन पेढ्यांनी तह केला: ब्रोकर प्रोटोकॉल. सोडून जाणाऱ्याने ग्राहकाविषयी पाचच गोष्टी न्याव्यात: नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, ईमेल आणि खात्याचे शीर्षक. बाकी सारे कागद मागे ठेवायचे. राजीनामा लेखी द्यायचा, नेलेल्या यादीची प्रत शाखा व्यवस्थापकाकडे सोपवायची. एवढे पाळले, तर सही केलेल्या पेढ्या ग्राहक नेल्याबद्दल त्याच्यावर दावा लावणार नाहीत.

हा तह मोठ्यांनी मोठ्यांसाठी केला होता. पण दार इतरांनाही खुले होते. लहान स्वतंत्र कार्यालयेही सह्या करू लागली आणि सह्यांची संख्या हजारांपलीकडे गेली. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, मेरिल लिंच बँक ऑफ अमेरिकेच्या पदरात पडली. पेढीच्या नावाचा जो आधार सांगितला जाई, तोच डळमळला.

एकमेकांकडे ये-जा करणारी माणसे आता परतीची वाट नसलेल्या दिशेने निघाली, तेव्हा मोठ्यांना तह महाग वाटू लागला. स्मिथ बार्नी तोवर मॉर्गन स्टॅनलीत विलीन झाली होती. २०१७ च्या अखेरीस मॉर्गन स्टॅनली आणि तिच्यामागोमाग यूबीएस प्रोटोकॉलमधून बाहेर पडली. मूळ तिघांपैकी मेरिल लिंच एकटी उरली.

मॉर्गन स्टॅनलीची घोषणा ३० ऑक्टोबरला झाली, अंमल ३ नोव्हेंबरपासून. जायचे की राहायचे, हे तिच्या सल्लागारांना त्या चार दिवसांत ठरवायचे होते. ३ नोव्हेंबरला वार होता शुक्रवार.