बोटीच्या पोटातली फळी

मंडळी, डहाणूच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी गेला असाल तर हे दृश्य पाहिलं असेल: पाणी गायब, आणि मासेमारीच्या बोटी चिखलात निवांत कलंडलेल्या. काही तासांनी भरती आली की त्याच बोटी पुन्हा तरंगतात. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण शिडाची बोट बांधणाऱ्यांना या उथळ पाण्याने शेकडो वर्षं छळलंय.

प्रश्न साधा आहे. वारा बाजूने आला की शीड बोटीला पुढे नेतं, तसं आडवंही ढकलतं. हे आडवं सरकणं रोखायला पाण्याखाली खोल काहीतरी हवं. पण बूड खोल केलं तर खाडीत शिरणार कसं?

उत्तर म्हणजे वर-खाली होणारी फळी. इक्वेडोरचे दर्यावर्दी बाल्साच्या तराफ्यातल्या फटींतून 'ग्वारा' नावाच्या फळ्या सोडायचे. डच लोकांनी बोटीच्या दोन्ही कुशींना फळ्या टांगल्या. बोटीच्या बुडालाच खाच पाडून त्यातून फळी सोडायचं धाडस ब्रिटिश आरमारातल्या जॉन शँकने १७७४ साली बोस्टनमध्ये केलं. पुढे १७९८ मध्ये याच पद्धतीची 'लेडी नेल्सन' बांधली गेली: ६० टनांची, तीन सरकत्या फळ्यांची.

आता खरी गंमत. १८०२ मध्ये ही बोट मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याच्या सर्वेक्षणाला निघाली. उथळ पाण्यात तिने पुढे राहायचं, ही कल्पना. पण आपटून-आपटून मुख्य फळी गेली, मागचीही मोडली. फळीविना ती वाऱ्याबरोबर आडवी वाहत जायला लागली आणि फ्लिंडर्सने ऑक्टोबरमध्ये तिला सिडनीला परत पाठवून दिलं. एका फळीपायी अख्खं जहाज मोहिमेतून बाद! आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात.

१८११ मध्ये न्यू जर्सीच्या स्वेन बंधूंनी बिजागरीसारख्या खिळ्यावर फिरणाऱ्या फळीचं पेटंट घेतलं. तळाला लागली की ही फळी मोडत नाही, मागे वळून वर जाते. आजच्या छोट्या बोटींत हीच असते. तिला उचलायला मागच्या टोकाला दोरी, ती कप्पीवरून हाताशी आणलेली. ही दोरी खाचेच्या कडेला घासून झिजते, आणि नेमकी दिसणार नाही अशा जागी. म्हणून तुटायच्या आधीच बदलायची: नव्या दोरीचं टोक जुन्या दोरीला टाके घालून जोडायचं आणि जुनी ओढून काढायची, नवी आपोआप आत जाते. जुनी तुटलीच तर बोट किनाऱ्यावर आडवी करण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या मचव्यांनी मात्र ही भानगड केली नाही. बुडाला एकसंध कणा, वर तिरकं शीड, बस्स. माझा अंदाज असा की रोज चिखलात बसणाऱ्या बोटीला ही खाच परवडलीच नसती. गाळ भरून फळी अडकली असती. मग इंजिनं आली आणि प्रश्नच संपला.

फळी उरली ती शर्यतीच्या बोटींत. १९८२ च्या आशियाई खेळांत मुंबईच्या समुद्रावर फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं ते 'फायरबॉल' बोटीत. तिच्याही पोटात फिरणारी फळी असते.

असो. पुढच्या वेळी डहाणूला चिकू घ्यायला जाल तेव्हा खाडीवरही चक्कर मारा, आणि बोटींच्या बुडाकडे बघा. शीड सगळ्यांनाच दिसतं.