‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेली पेटी आपल्या घरात कशी येते? वैद्यकीय उपकरणांची चोरी आणि यूडीआय कोड

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण घर नातेपुत्याला, माळशिरस तालुक्यात. आईला बारा वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. त्यामुळे आमच्या घरात ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या किराण्यासारख्या लागतात.

२०२५ ची आषाढी वारी पुढे गेल्यावर वडिलांनी पट्ट्यांच्या चार पेट्या निम्म्या किमतीत घेतल्या. देणारा नात्यातल्या एकाच्या ओळखीचा, ‘कंपनीचा माणूस’. म्हणाला, वारीच्या आरोग्य शिबिरासाठी आलेला माल उरलाय, परत पाठवण्यापेक्षा तुमच्या उपयोगी पडेल. आपल्याकडे माउलींची पालखी मुक्कामाला असते, शिबिरं लागतात, वारकऱ्यांची शुगर फुकट तपासली जाते. त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. बिल नव्हतंच.

पंधरा दिवसांनी आईला सारखी तहान, थकवा. मीटर मात्र सकाळी उपाशीपोटी १२८ दाखवत होता. डॉक्टरांनी आकड्यांची वही बघितली आणि म्हणाले, इन्सुलिन वाढवायची गरज दिसत नाही, पण एकदा लॅबमध्ये तपासू. त्याच सकाळचा लॅबचा आकडा आला २५४.

मीटर आणि लॅबमध्ये थोडा फरक असतोच. आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ९५ टक्के वेळा मीटरचा आकडा लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत असायला हवा. निम्मा आकडा येणं हे ‘थोडा फरक’ नाही. शनिवारी घरी गेलो तेव्हा ती पेटी हातात घेतली. हा लेख तिथून सुरू झाला.

पेटीवरचा चौकोन काय सांगतो?

पेटीच्या एका बाजूला ‘मुदत जून २०२६’ असं छोटं स्टिकर होतं. शेजारी क्यूआर कोडसारखा दिसणारा, पण त्याचे ते तीन मोठे कोपरे नसलेला एक चौकोन होता. याला डेटामॅट्रिक्स म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या अनेक वैद्यकीय उपकरणांवर तो असतो. त्यात जी माहिती भरलेली असते तिला यूडीआय, म्हणजे त्या उपकरणाची एकमेव ओळख, असं नाव आहे.

फोनवरच्या स्कॅनर ॲपने वाचल्यावर अंकांची एक लांब ओळ मिळते. पेटीवर ती इंग्रजी अंकांत असते, मी इथे मराठीत लिहितो. नमुना म्हणून क्रमांक बदलला आहे:

०१०८९०१२३४५६७८९०१७२४०६३०१०४१२७

ही ओळ तोडायची कशी? सुरुवातीचे दोन अंक पुढे काय येणार ते सांगतात.

०१ : पुढचे १४ अंक म्हणजे वस्तूचा क्रमांक, जीटीआयएन. इथे ०८९०१२३४५६७८९०. जीएस१ या संस्थेच्या भारतीय सदस्यांचे क्रमांक ८९० ने सुरू होतात. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. आधीच्या अंकांना आलटून पालटून ३ आणि १ ने गुणून बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते बघायचं. इथे बेरीज १३०, म्हणून शेवटचा अंक ०.

१७ : पुढचे सहा अंक म्हणजे मुदत. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २४०६३० म्हणजे ३० जून २०२४.

१० : लॉट म्हणजे बॅच क्रमांक. याची लांबी ठरलेली नसते, म्हणून यानंतर आणखी काही असेल तर मध्ये एक न दिसणारं विभाजक चिन्ह येतं.

११ : उत्पादनाची तारीख. २१ : त्या एकाच नगाचा अनुक्रमांक. हे दोन सगळीकडे नसतात. आमच्या पेटीवर २१ नव्हता.

आता मुदत पुन्हा वाचा. स्टिकर सांगत होतं जून २०२६, कोड सांगत होता जून २०२४. स्टिकर नखाने काढलं तर खाली छापलेली मूळ तारीख २०२४ चीच होती, आणि तिच्याखाली ‘नमुना, विक्रीसाठी नाही’. माणसाला वाचता येणारी तारीख बदलली होती. यंत्राला वाचता येणारी तशीच राहिली, कारण ती कुणी वाचेल असं त्या माणसाला वाटलंच नसेल.

पट्टीवर एक एन्झाइम असतं. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते आणि त्यातून निर्माण होणारा विजेचा प्रवाह मीटर मोजतो. उष्णता, दमट हवा आणि जुनेपणा यांनी ते एन्झाइम खराब होतं. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात पारा चाळिशी पार करतो. हा माल दोन उन्हाळे कुणाच्या गाडीच्या डिकीत होता की गोदामात, ते कोडवरून कळत नाही.

माल बाहेर पडतो कुठून?

माझा एक शाळेतला मित्र हाडांच्या इम्प्लांटच्या कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. त्याच्याकडून हे समजून घेतलं. आधी हे सांगतो की बहुतेक प्रतिनिधी प्रामाणिकपणे, टार्गेटच्या ओझ्याखाली रोज दोनशे किलोमीटर गाडी चालवणारे लोक आहेत. पण या धंद्याची रचनाच अशी आहे की महागडा माल एका माणसाच्या ताब्यात राहतो. गळतीच्या जागा साधारण चार:

१. नमुने आणि डेमो यंत्रं. डॉक्टरांना दाखवायला किंवा शिबिराला दिलेला माल. त्याचं बिल होत नाही, म्हणून हिशेबही सैल असतो.

२. कन्साइनमेंटचा माल. फ्रॅक्चरच्या ऑपरेशनला कोणत्या मापाचा स्क्रू किंवा प्लेट लागेल ते आधी नक्की माहीत नसतं. म्हणून प्रतिनिधी सगळ्या मापांचा सेट घेऊन येतो, जे वापरलं त्याचंच बिल होतं, बाकी परत. ‘दोन स्क्रू वापरले’ऐवजी ‘चार वापरले’ असं लिहिलं, की दोन स्क्रू कागदावर रुग्णाच्या शरीरात आणि प्रत्यक्षात बॅगेत.

३. मुदत जवळ आलेला माल. तो कंपनीकडे परत जाऊन नष्ट व्हायला हवा. ‘नष्ट केला’ असा शेरा मारून तो बाहेर विकला जातो.

४. वॉरंटीत बदललेली यंत्रं. खराब म्हणून परत घेतलेलं यंत्र जुजबी दुरुस्त करून तिसऱ्यालाच विकलं जातं.

कायद्यात याला वेगवेगळी कलमं आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी करणं कलम ३०६ मध्ये येतं. विश्वासाने सोपवलेला माल नोकराने हडपणं कलम ३१६ मध्ये. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असूनही, अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला कलम ३१७ लागतं, तीन वर्षांपर्यंत. मुदत खोडून विकणं ही फसवणूक, कलम ३१८. शिवाय १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली ‘औषध’ धरली जातात, त्यामुळे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, कारवाई करू शकतं.

वडिलांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्यांना दोन पैसे वाचवायचे होते, एवढंच.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता: दुसऱ्याकडून आलेल्या, आधी कुणाच्या तरी मालकीच्या शुगर पट्ट्या वापरू नका. त्या नीट साठवलेल्या नसतील, मुदत संपलेली असेल, तारखा बदललेल्या असतील. नातेपुत्यात आमच्या घरी नेमकं तेच घडलं.

कोड असूनही चोरी का पकडली जात नाही?

डेटामॅट्रिक्स छापणं सोपं आहे. त्यात कुठलीही डिजिटल सही नसते. मीसुद्धा लॅपटॉपवर दहा मिनिटांत हवी ती तारीख टाकून नवा कोड बनवू शकतो. म्हणजे कोड जुळला नाही तर गडबड नक्की आहे, पण कोड जुळला म्हणून माल खरा असं होत नाही.

दुसरं म्हणजे, लॉट क्रमांक हजारो पेट्यांवर एकच असतो. त्यातली कुठली पेटी नमुना म्हणून दिली आणि कुठली विकली, हे लॉटवरून सांगता येत नाही. चोरी पकडायची तर प्रत्येक नगाला वेगळा अनुक्रमांक हवा, आणि तो आत्ता कुणाकडे आहे याची नोंद एका ठिकाणी हवी. युरोपात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांसाठी ९ फेब्रुवारी २०१९ पासून तसं आहे. दुकानदार खोक्यावरचा कोड स्कॅन करतो, यंत्रणा तो क्रमांक तपासते आणि ‘दिला’ म्हणून बंद करते. तोच क्रमांक दुसरीकडे आला की तिथे अडतो.

अमेरिकेत उपकरणांसाठी यूडीआयचा नियम २०१३ मध्ये आला. तिथे वस्तूचा क्रमांक टाकला की सरकारी डेटाबेसमध्ये उपकरणाची माहिती कुणालाही दिसते. आपल्याकडे ३०० औषध ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला. उपकरणांसाठी मात्र वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मधल्या नियम ४६ नुसार १ जानेवारी २०२२ पासून यूडीआय यायचा होता, ती तारीख पुढे ढकलली गेली.

नोंद नसेल तर काय होतं, याचं मोठं उदाहरण चोरीचं नाही, पण महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. डीप्यू या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये एएसआर हे खुब्याचं इम्प्लांट जगभरातून परत मागवलं. महाराष्ट्र एफडीएने २०११ मध्ये या प्रकरणात गुन्हा नोंदवला. भारतात ती सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. पुढे केंद्राच्या समितीने शोध घेतला तेव्हा सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कोणतं इम्प्लांट कोणाच्या शरीरात आहे, याची वही कुणाकडेच पूर्ण नव्हती. प्रामाणिक धंद्यातही माल असा हरवत असेल, तर चोराला अजून काय हवं?

उलटं उदाहरणही आहे. मुंबईत बांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेतल्या मृत व्यक्तींचे पेसमेकर, कुटुंबांच्या संमतीने मिळवून, निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले आणि त्यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पेसमेकर वापरलेलेच होते. फरक असा की ते कुठून आले, कसे तपासले, कुणाला बसवले, हे सगळं लिहिलेलं होतं.

तुम्ही काय करू शकता?

१. पेटीवरची छापील मुदत आणि लॉट कोडमधल्या आकड्यांशी जुळवून पाहा. कोडवर स्टिकर असेल, तो खरवडला असेल किंवा कापला असेल तर ती पेटी घेऊ नका.

२. पेटीवरचा आणि आतल्या डबीवरचा लॉट एकच आहे का ते पाहा. तारखेवर दुसरं स्टिकर आहे का, ते बोट फिरवून पाहा.

३. बिल घ्या, त्यावर लॉट क्रमांक लिहून घ्या. उपकरणं विकणाऱ्याकडे औषध परवाना किंवा एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र असायला हवं. बॅग घेऊन घरी येणाऱ्याकडे ते नसतं.

४. घरच्या मीटरसाठी कंपनीचं कंट्रोल सोल्युशन मिळतं. नवी डबी उघडली की त्याचा एक थेंब टाकून आकडा डबीवर दिलेल्या मर्यादेत येतो का ते बघा.

५. प्लेट, स्क्रू, स्टेंट, लेन्स असं काहीही शरीरात बसवलं तर पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. ते रुग्णालयाच्या फाइलमध्ये लागतं, त्याचा फोटो तुमच्याकडेही हवा. जितके नग बिलात तितकी स्टिकर्स आहेत का ते मोजा. स्टेंटच्या बाबतीत फेब्रुवारी २०१७ च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे ब्रँड, कंपनी, बॅच आणि किंमत बिलात वेगळी दाखवावी लागते.

६. शंका आली तर पेटी फेकू नका, ती पुरावा आहे. महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. उपकरणामुळे त्रास झाला असेल तर मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४.

आमच्या घरचं पुढे काय झालं? आईचं इन्सुलिन वाढवलं, आता आकडे ठीक आहेत. त्या माणसाचा फोन बंद लागतो. उरलेल्या पेट्या आणि कोडचे फोटो जोडून मी तक्रार दिली आहे. पण त्याआधी वडील स्वतः गल्लीत फिरले, आणि आणखी चार घरांतून त्याच लॉटच्या पेट्या निघाल्या. त्यातल्या एका घरी आजी एकट्याच राहतात, त्यांना स्टिकरवरची तारीखही वाचता येत नाही. त्यांचा मीटर रोज सकाळी चांगलाच आकडा दाखवत होता.

तुमच्या घरात पट्ट्यांची डबी असेल, तर हा लेख बंद करण्याआधी तिची पेटी एकदा स्कॅन करून बघा. कोड वाचता आला नाही तर खाली कमेंटमध्ये फक्त अंकांची ओळ टाका, मी तोडून देईन.